अँटिऑक्सिडंटच्या नावानं चांगभलं!

मंडळी, घरातल्या कुणाचं डायालिसिस सुरू झालं की सल्ल्यांचा पूर येतो. हल्ली त्या पुरात एकच शब्द वाहत येतो, अँटिऑक्सिडंट! कुणी आवळ्याचा रस आणून देतं, कुणी भुकटीचा महागडा डबा. आपल्या गोतावळ्यातही हे चालू आहे, म्हणून स्पष्टच लिहितो.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला मास्तर, डॉक्टर नव्हे. पण वाचता येतं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस ही थाप नाही. शरीरात तयार होणारे ऑक्सिजनचे आक्रमक रेणू पेशींना इजा करतात. मूत्रपिंडं निकामी झाली की हा त्रास वाढतो. रक्त यंत्रातल्या कृत्रिम पडद्याला लागलं की पांढऱ्या पेशी खवळतात आणि त्यात भर पडते. वर क जीवनसत्त्वासारखे रक्षकही धुऊन जातात. रक्तवाहिन्या आणि हृदय यांना हे सगळं सोसावं लागतं. डायालिसिसवरच्या कितीतरी रुग्णांचा जीव शेवटी हृदयविकारानेच जातो.

मग क जीवनसत्त्व भरभरून द्यावं? इथेच फसगत आहे. जादा झालेल्या क जीवनसत्त्वाचं ऑक्झलेट बनतं, आणि ते बाहेर टाकायला मूत्रपिंडंच धड नाहीत! शहाळ्याच्या आणि फळांच्या रसातलं पोटॅशियम साठलं तर हृदय बंद पडू शकतं. स्टारफ्रूट खाऊन तर अशा रुग्णांना झटके आलेले आहेत. 'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं.

संशोधन नाही असं नाही. 2000 साली इस्रायलमध्ये, आधीच हृदयविकार असलेल्या डायालिसिसच्या 196 रुग्णांवर चाचणी झाली. त्यात ई जीवनसत्त्वाने हृदयाचे झटके कमी झाले. पण पुढे अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा अशा औषधांनी आयुष्य वाढतं असा खात्रीचा पुरावा मिळाला नाही. डबेवाले पहिलं सांगतात, दुसरं गिळतात.

उलट 2011 साली अमेरिकेतल्या 32 हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात दिसलं, की दोन डायालिसिसमध्ये लांब खंड पडला की त्यानंतरच्या दिवशी मृत्यू जास्त होतात. आणि आपल्याकडे पैशापायी आठवड्याला तीनाऐवजी दोनदाच भागवतात! दारिद्र्यरेषेखालच्यांना जिल्हा रुग्णालयात मोफत डायालिसिस देण्याची केंद्राची योजना 2016 पासून आहे, तिची चौकशी मात्र कुणी करत नाही.

तेव्हा डब्याचे पैसे तिसऱ्या डायालिसिसला द्या, नाहीतर जाण्यायेण्याच्या रिक्षाला. रस, काढा, भुकटी काहीही देण्याआधी डॉक्टरांना विचारा. प्रेमापोटी दिलेलं असलं, तरी ते त्या माणसाच्या रक्तातच जाणार आहे.

असो. राग आला तरी चालेल, पण डबा परत न्या.