टेकडीवरचा दगड आणि बांधावरचा दगड



आधी मत सांगतो, मग कारण. आता मोजणीला रोव्हर येतोय म्हणून सगळे खूश आहेत. मीही आहे. पण जोवर आपण दगड सांभाळत नाही, तोवर कितीही भारी मशीन आणलं तरी बांधाचं भांडण मिटणार नाही.

हे डोक्यात आलं ते टेकड्या फिरताना. वाटाणा कधीच निघालाय, सीताफळाचे शेवटचे क्रेट बाजारात गेलेत, ज्वारीची कोळपणी झालीय. दोन दिवस मोकळे मिळाले तसा दोन्ही पुतण्यांना घेऊन निघालो. भुलेश्वराच्या रांगेत आमच्या बाजूच्या तीन टेकड्यांवर सर्व्हेचे दगड होते, असं जुनी माणसं सांगायची. टोपोशीटवर अशा जागी छोटा त्रिकोण असतो आणि शेजारी उंचीचा आकडा.

पहिल्या टेकडीवर खांब शाबूत. चुन्यात बांधलेला, कंबरेएवढा, भोवती दगडांचा कट्टा. वर मधोमध एक वर्तुळ कोरलंय आणि वर्तुळात ठिपका. दुसऱ्या टेकडीवर खांब अर्धा पाडलेला आणि शेजारी गुडघाभर खड्डा. तिसऱ्यावर नुसता दगडांचा ढीग, त्यावर कुणीतरी शेंदूर लावलाय. शेंदूर लावलाय म्हणून तेवढा तरी टिकला.

खड्डा कशासाठी, ते सांगायला नको. "इंग्रजांनी खाली काहीतरी पुरलंय." गंमत अशी, की अनेक ठिकाणी खाली खरंच काहीतरी पुरलेलं असतं. काय? तर दुसरा दगड. त्यावरही तेच वर्तुळ आणि तोच ठिपका. वरचा खांब पडला, तर खालच्या खुणेवरून नेमकी जागा पुन्हा सापडावी म्हणून. सोनं नाही, पण त्या माणसांच्या लेखी हीच ठेव होती.

पुतण्याने विचारलं, एका ठिपक्यासाठी एवढा खटाटोप कशाला? प्रश्न बरोबर आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटन यांनी जमिनीवर एक सरळ रेघ साखळीने अतिशय काळजीपूर्वक मोजली. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की बाकीच्या बाजू गणिताने निघतात, हे आपण शाळेत शिकलोय. म्हणून एका डोंगरावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा बघत, कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत ते देशभर गेले. कोन मोजायचं मोठं यंत्र साधारण अर्ध्या टनाचं. ते डोंगरावर चढवायला माणसं लागायची. लांबचा डोंगर दिसावा म्हणून दिवसा आरशाने ऊन पाडायचं, रात्री दिवे लावायचे. गंगेच्या सपाटीवर डोंगर नाहीत, तर तिथं मुद्दाम मनोरे बांधले. हिवतापाने किती खलाशी गेले, त्यांची नावं कुठल्या खांबावर नाहीत. खुद्द लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला काम करता करता वारले. त्यांची कबर तिथंच आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणीतरी टेकडीवरच्या खांबावरून स्वतःच्या गटाची हद्द काढायला निघेल. या खांबांवरून आपल्या वावराची हद्द ठरत नाही. हे खांब देशाच्या नकाशासाठी. वावरांची मोजणी हे वेगळं काम. आपल्याकडे १८३० च्या दशकात इंदापूर भागात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिची नीट पद्धत बसवली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. ते सगळं आपल्या भल्यासाठी नव्हतं, शेतसारा वसूल करायला होतं. पण त्या मोजणीत बांधाच्या कोपऱ्यावर, तीन शिवा मिळतात तिथं दगड रोवले. भांडण झालं की जुनी माणसं आधी दगड शोधायची, मग बोलायची.

टेकडीवर असो की बांधावर, तत्त्व एकच. मोजणी चालते ती न हलणाऱ्या खुणेवर. खूण हलली की आकडा कितीही बारीक काढा, तो हवेत.

काही जण म्हणतील, आता उपग्रह आलेत, दगडाचं काय घेऊन बसलात? तर ऐका. रोव्हरला सेंटिमीटरमधला आकडा नुसत्या उपग्रहातून मिळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाने जागोजागी पक्की स्टेशनं उभारलीत, त्यांना कॉर्स म्हणतात. त्या स्टेशनची जागा आधीच अचूक माहीत असते. तिथून दुरुस्ती मिळते, तेव्हा रोव्हर नेमका आकडा दाखवतो. म्हणजे आजचा टेकडीवरचा खांब तोच, फक्त डोक्यावर अँटेना आलाय. आणि रोव्हरने दाखवलेल्या जागी खूण म्हणून शेवटी काय रोवतात? दगडच ना!

आणि तो दगड किती दिवस राहतो, ते तुम्हालाही माहिती आहे. नांगरटीला ट्रॅक्टरवाला म्हणतो आडवा येतोय. जेसीबीने बांध सरळ करताना तो बांधाच्या पोटात जातो. कुणी विहिरीच्या कठड्याला लावतं. आणि काही जण दरवर्षी एक तास जास्त घेत बांध कोरत जातात. जमिनीला गुंठ्यावर भाव आल्यापासून तर फूटभर बांधासाठी भाऊ भावाला कोर्टात उभा करतो. महाराष्ट्राचा १९६६ चा जमीन महसूल कायदा सांगतो, की हद्दीच्या खुणा सांभाळणं ही जमीनधारकाची जबाबदारी आहे आणि खूण मुद्दाम पाडणं हा दंडाचा विषय आहे. म्हणजे आपल्या दगडाची राखण आधी आपणच करायची.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दरवर्षी दिवाळीनंतर, गवत वाळलं की, गावाने एक दिवस दगडफेरी काढावी. दगडफेक आपल्याला चांगली जमते, आता फेरी शिकू. दोन्ही बाजूंचे शेतकरी एकत्र चालतील. दगड दिसला की त्याला चुना लावायचा, दोघांनी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, जागेचं लोकेशन दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवायचं. दगड नसेल तर त्याच दिवशी दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करायचा. एकट्याने केलेला अर्ज शेजाऱ्याला नोटीस वाटते, दोघांनी केलेला अर्ज काम वाटतो. शाळेच्या पोरांना शेवटी टेकडीवर न्यायचं, तो ठिपका दाखवायचा आणि खाली सोनं नाही हेही सांगायचं.

खर्च किती? चुन्याची एक पिशवी आणि एक दिवसाचा रोज. वकिलाच्या एका तारखेला यापेक्षा जास्त जातात.

दिवाळी होऊन गेलीय, गवतही वाळलंय. या रविवारी बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याला फोन करा. "दगड कुठाय बघू या का?" एवढंच विचारा.