समुद्रातली रेंज: अँटेना किती कामाचा, भरवसा कशावर?

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत आपल्या कितीतरी घरांची रोजीरोटी समुद्रावर चालते. बोट बंदर सोडून तासाभराच्या पुढे गेली की फोन लागेनासा होतो आणि घरचे काळजीत पडतात. म्हणून सध्या बोटीवर बाहेरून अँटेना बसवण्याची चर्चा आहे. त्यात तथ्य किती, हे आपण समजून घेतले पाहिजे.

मोबाइलच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. 40 मीटर उंचीवरच्या टॉवरचा सिग्नल डेकवर हातात धरलेल्या फोनपर्यंत फार तर 32 किलोमीटर पोहोचतो. तोच अँटेना डोलकाठीवर 9 मीटर उंच नेला तर हे अंतर 38 किलोमीटरच्या आसपास जाते. हा झाला कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात कमीच मिळते. पण किनाऱ्याजवळच्या पट्ट्यात तुटक लागणारा फोन नीट लागू लागतो, हा खरा फायदा.

खरेदी करताना तीन गोष्टी बघा. बोट सतत दिशा बदलते, म्हणून चारी बाजूंनी सिग्नल घेणारा अँटेना घ्या. एकाच दिशेचा चालणार नाही. 4जी राउटरला सहसा दोन अँटेना लागतात. आणि वायर आखूड, जाड ठेवा. दहा मीटर बारीक वायरीतच निम्म्याहून जास्त सिग्नल संपतो, मग उंचीचा उपयोग काय? जोडांवर खारे पाणी जाऊ देऊ नका. जून-जुलैची मासेमारी बंदी या कामाला उत्तम.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. बाजारात 'बूस्टर' म्हणून स्वस्त यंत्रे मिळतात. परवानगीशिवाय ती बाळगणे, लावणे आपल्या देशात बेकायदा आहे. शिवाय त्यांच्यामुळे आजूबाजूच्या सगळ्यांचेच नेटवर्क बिघडते. राउटरला जोडलेला साधा अँटेना वेगळा आणि बूस्टर वेगळा. दुकानदार दोन्हींना एकच नाव देतो, म्हणून विचारून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. अँटेना कितीही चांगला असला तरी 50-60 किलोमीटर आत गेलेल्या बोटीला मोबाइल वाचवणार नाही. तिथे व्हीएचएफ सेटचे 16 नंबरचे चॅनेल आणि उपग्रहावर चालणारे ट्रान्सपॉन्डरच कामाला येतात. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत 13 किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या 1 लाख बोटींना हे ट्रान्सपॉन्डर द्यायचे आहेत. टॉवरची रेंज नसतानाही त्यावरून वादळाचा इशारा मिळतो, संकटाचा संदेश जातो.

तेव्हा मच्छीमार सोसायट्यांनी दोन मागण्या लावून धराव्यात: किनाऱ्यावरच्या टॉवरवर समुद्राकडे तोंड केलेले अँटेना, आणि प्रत्येक पात्र बोटीला ट्रान्सपॉन्डर. घरच्यांनीही बोट निघण्याआधी एवढे विचारावे: सेट चालू आहे ना? बॅटरी भरली ना? तटरक्षक दलाचा 1554 हा नंबर घरातल्या प्रत्येक फोनमध्ये असावा. रेंज गेली म्हणजे माणूस हरवला, असे होता कामा नये.