परतीची एस.टी.

पुसेगावच्या शिक्षकाने वा कारकुनाने रविवारी एकट्याने कोठे फिरावयास जावे, हे त्याची आवड ठरवीत नाही. परतीची शेवटची एस.टी. ठरविते. कयाधूकाठचे नामदेवांचे नर्सी, औंढ्याचे हेमाडपंती नागनाथ मंदिर ही स्थळे जिल्ह्यातच आहेत. चौघे असले तर जीपचे भाडे वाटून घेता येते. एकट्याला ती सोय नाही, आणि एकट्या स्त्रीने अंधारात फाट्यावर उभे राहावे तरी कसे?

१७ मार्च २०२३ पासून एस.टी.ने स्त्रियांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. निर्णय स्तुत्यच. परंतु जी गाडी सुटतच नाही, तिच्या निम्म्या भाड्याचे काय करावयाचे? इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून बसभाड्याला २ पौंडांची मर्यादा घातली गेली (२०२५ मध्ये ती ३ पौंड झाली); ज्या खेड्यात रविवारी बसच नाही, तेथे तीही निरुपयोगीच.

महामंडळाने सवलतींची जाहिरात अवश्य करावी. पण नर्सी-औंढ्याच्या थांब्यांवर परतीच्या गाड्यांच्या वेळाही ठळक अक्षरांत लावाव्यात. शेवटची गाडी रद्द होणार असेल, तर ते दुपारीच कळविण्याची जबाबदारी आगाराची असावी. तोवर प्रवाशाने वाहकाला आधी परतीची वेळ विचारावी, मगच तिकीट काढावे.