गाणे सापडते, गीतकार सापडत नाही

गायक प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांची गाणी यूट्यूबवर फुकट ऐकायला मिळतात, मग अधिकृत चॅनलचा आग्रह कशाला, असे विचारणारे पत्र वाचले. ते पटले नाही. कुणीही चढवलेल्या प्रतीत आवाज चिरका, शेवट कापलेला आणि गीतकाराचे नाव बहुतेकदा नसतेच. कॉपीराइट कायद्यातील २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का केला; पण गाणे अधिकृतपणे आलेच नाही, तर तो मागायचा कुणाकडे? ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षे टिकतो. म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटींचे हक्क अजून जिवंत आहेत. हक्कदार कंपन्यांनी ही गाणी मूळ ध्वनिफितींवरून, गीतकार-वादकांच्या नावांसह प्रसिद्ध करावीत. भीमजयंतीला आमच्याकडे हीच गाणी वाजतात. ती लिहिणाऱ्यांना नाव आणि पैसा, दोन्ही मिळालेच पाहिजेत.

– एक वाचक, नांदूरघाट (जि. बीड)