एकाकी गुरुजी

शिक्षकांना प्रोत्साहन द्यावयाचे असे सरकारच्या मनात आले की दोन गोष्टी हमखास घडतात. पाच सप्टेंबर रोजी निवडक शिक्षकांच्या खांद्यांवर शाल पडते, आणि उरलेल्यांना वर्षातून केव्हातरी प्रशिक्षणाचे बोलावणे येते. पहिल्या गोष्टीविषयी आमची तक्रार नाही. गुणी माणसाचा सत्कार व्हावाच. प्रश्न आहे तो उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचा, आणि ज्यांच्या वाट्याला शाल कधीच येणार नाही अशा शेकडो प्राथमिक शिक्षकांचा.

गोव्याच्या प्राथमिक शिक्षणाची उभारणी कशी झाली याचा विसर पडू नये. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव शाळा निघाल्या तेव्हा इमारती नव्हत्या, फळे नव्हते. कोठे देवळाच्या सभामंडपात, कोठे कोणाच्या पडवीत वर्ग भरले. रत्नागिरी, कोल्हापूर, बेळगावकडून आलेल्या आणि येथल्याच मातीतल्या तरुण शिक्षकांनी त्या शाळा चालविल्या. त्यांना प्रशिक्षणवर्ग क्वचितच मिळाले. पण गाव पाठीशी होता, आणि आपण काहीतरी नवे उभारीत आहोत ही जाणीव होती. माणसाला कामाला लावणारी शक्ती पुष्कळदा एवढीच असते.

आज इमारत आहे, पगार वेळेवर आहे, भ्रमणध्वनीवर अभ्यासक्रमही आहेत. तथापि सत्तरी, सांगे, काणकोण भागांतील एखाद्या छोट्या सरकारी शाळेत जाऊन पाहावे. पहिलीपासून चौथीपर्यंतची मुले एकाच खोलीत, आणि शिक्षक एकच. तोच मुख्याध्यापक, तोच कारकून, माध्यान्ह आहाराचा हिशेबनीसही तोच. शिक्षणहक्क कायदा 2009 च्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक असावेत असे स्पष्ट म्हटले आहे. दहा मुले असली तरी चार इयत्ता या चारच असतात, हे पटसंख्येच्या कोष्टकावर बोट ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अशा शिक्षकाने एखादा धडा चांगला शिकविला तर पाहणारे कोणी नसते. आणि चुकला तर सांगणारेही कोणी नसते. आमच्या मते उमेद खचते ती येथे. कामाच्या ओझ्याने माणूस थकतो खरा, पण एकटेपणाने तो विझतो.

यावरचा सरकारी उतारा म्हणजे प्रशिक्षण. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत अशी अपेक्षा व्यक्त केली. अपेक्षा रास्त आहे. परंतु हे तास भरावयाचे कसे? सभागृहात व्याख्याने ऐकून आणि पडद्यावरील पाने पुढे ढकलून तास भरतात, प्रमाणपत्रही हाती पडते; सोमवारी शाळेत परतल्यावर वजाबाकीत अडखळणारे तिसरीतले पोर मात्र तेथेच अडखळलेले असते. त्या पोराची अडचण व्याख्यात्याला ठाऊक नसते. ती शेजारच्या गावातील शिक्षकाला ठाऊक असते, कारण त्याच्याही वर्गात तसेच एक पोर असते.

सातारा तालुक्यातील कुमठे बीटचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांतील शिक्षक एकमेकांच्या वर्गांत जाऊ लागले, मुले कशी शिकतात यावर आपसांत बोलू लागले, आणि त्यांच्यावरच्या विस्तार अधिकाऱ्याने तपासनिसाची भूमिका सोडून सोबत्याची घेतली. महाराष्ट्र सरकारने 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला त्या सुमारास दूरदूरचे शिक्षक ते वर्ग पाहावयास साताऱ्याची वाट धरू लागले होते. तेथील प्रत्येक दावा आम्ही डोळे मिटून स्वीकारावा असे नाही. तज्ज्ञांनी शंकाही काढल्या आहेत. पण शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, हे तेथे दिसले. वस्तुतः ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने 1964 ते 1966 या काळात शाळासंकुलाची योजना मांडली होती, आणि त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचेच. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही नव्या धोरणाला तीच योजना पुन्हा लिहावी लागली.

आमच्याकडे तालुक्याला भागशिक्षणाधिकारी आहेत. त्यांचा बहुतेक वेळ अहवाल मागविण्यात आणि मागविलेले पुढे पाठविण्यात जातो. हा त्या व्यक्तींचा दोष नव्हे, रचनेचा आहे. त्यातच निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. ही कामे शिक्षणहक्क कायद्यानेच शिक्षकांवर टाकण्याची मुभा ठेवली आहे, हे खरे. मात्र निवडणुकीचे काम सुटीच्या आणि न शिकविण्याच्या दिवशीच द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली बजावले होते, त्याची आठवण कोण ठेवतो? आणि 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. वीस-पंचवीस वर्षे फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला पुन्हा परीक्षार्थी करावयाचे तर त्याच्या तयारीचा भार खात्यानेही उचलावयास हवा. नुसती तारीख कळवून कर्तव्य संपत नाही.

करावयाचे ते फार खर्चिकही नाही. केरी, पर्ये, मोर्ले यांसारख्या लगतच्या गावांतील शिक्षकांनी महिन्यातून एक दिवस एकाच शाळेत जमावे. एकाने वर्ग घ्यावा, बाकीच्यांनी पाहावा, दुपारी त्यावर मोकळेपणाने बोलावे. भागशिक्षणाधिकाऱ्यांनी त्या दिवशी फाईल घरी ठेवून मागच्या बाकावर बसावे. हे तास धोरणातील 50 तासांत धरले जावेत, म्हणजे तो वरकड भार होणार नाही. नव्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात हा दिवस छापून यावा. एकशिक्षकी शाळेला मात्र त्या दिवशी कुलूप लावावे लागेल. तेव्हा तेथे कायद्याने सांगितलेला दुसरा शिक्षक खात्याने आधी नेमावा.