आधी नाला, मग गाळ

पुण्यातला एखादा तलाव हिरवा पडला, वास मारू लागला, डास वाढले की पहिली मागणी होते ती गाळ काढण्याची. मागणी समजण्यासारखी आहे. पोकलेन काठावर उतरतो, डंपर भरून जातात, आणि काम झाल्याचे डोळ्यांना दिसते. पण पाषाण तलावाचा अनुभव वेगळे सांगतो. तिथे गाळ उपसून झाला, जलपर्णी तर कितीदा काढून झाली, तरी हिरवा गालिचा परत पसरतो. याचे कारण तलावाच्या तळाशी जेवढे आहे, त्याहून जास्त त्याच्या तोंडाशी आहे. येणारे मैलापाणी अडवल्याशिवाय गाळ काढण्यावर खर्च करू नये, निदान तोच मुख्य उपाय मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाषाण तलाव रामनदीवर आहे. ही नदी भुकूम, भूगाव, बावधन अशी वस्ती ओलांडून येते आणि वाटेत घराघरांतले सांडपाणी पोटात घेते. त्या पाण्यात मलमूत्रातून आणि धुण्याच्या पावडरींतून आलेले नायट्रोजन व फॉस्फरस असतात. शेतात ज्याला आपण खत म्हणतो, तेच हे. एक किलो फॉस्फरसवर ढोबळमानाने ५०० किलो ओले शेवाळ पोसले जाते. शेवाळ मरते, तळाशी बसते, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते. प्राणवायू असेपर्यंत गाळातले लोह फॉस्फरसला धरून ठेवते. तो संपला की पकड सुटते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो. म्हणजे गाळ निर्दोष आहे असे मुळीच नाही. वर्षानुवर्षे साठलेले खत तो हळूहळू परत देत राहतो. पण ही साठवण ज्या नाल्यामुळे झाली तो वाहता ठेवून गाळ काढला, तर रिकामी झालेली जागा तोच नाला पुन्हा भरतो.

स्वीडनमधल्या वेक्शो शहराजवळच्या ट्रुमेन तलावाने हा क्रम स्वच्छ दाखवून दिला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तिथले सांडपाणी दुसरीकडे वळवले, तरी दहा वर्षे तलाव सुधारला नाही, कारण गाळ जुने खत सोडत होता. १९७० आणि १९७१ मध्ये वरचा सुमारे एक मीटर गाळ शोषून काढला आणि मग पाणी सुधारले. गाळ काढण्याच्या बाजूने याहून चांगला पुरावा नाही. पण त्या यशाआधी सांडपाणी बंद झालेले होते, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन तलावात तर प्रक्रिया केलेले सांडपाणीच जात होते. १९६३ ते १९६८ या काळात तेही वळवले, आणि हा खोल तलाव गाळ न काढताच निवळला. यातून आणखी एक गोष्ट कळते. नेहमीचे मैलाशुद्धीकरण घाण कमी करते, फॉस्फरस मात्र बराचसा तसाच पुढे जातो. तलावाच्या वरच्या अंगाला उभारायच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात फॉस्फरस काढण्याची सोय मुद्दाम मागावी लागते.

यावर आक्षेप येतात, आणि ते बिनबुडाचे नाहीत. केंद्रे उभी राहायला वर्षे लागतील, तोवर काठच्या लोकांनी दुर्गंधी सोसायची का? भूगाव आणि भुकूम तर महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. तातडीचा दिलासा द्यायलाच हवा. जलपर्णी काढणे हा तो दिलासा आहे. पण तिची रास काठावरच सोडली की काही दिवसांत ती काळी पडते, तिच्यातून झिरपणारे पाणी उतारावरून तलावात जाते आणि तिने शोषलेले खत परत मिळते. काढलेली जलपर्णी त्याच दिवशी उचलली, तर मात्र तेवढे खत तलावाबाहेर जाते. हद्दीचा प्रश्नही तसा सुटण्यासारखा आहे. २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, त्यांत बावधन बुद्रुक आहे आणि शहराच्या दक्षिणेकडच्या कात्रज तलावाच्या वरची मांगडेवाडी, भिलारेवाडीही आहेत. उरलेल्या गावांसाठी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि ग्रामपंचायतींबरोबर एकच आराखडा करता येईल. दुसरा आक्षेप साठवण क्षमतेचा. राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना याच विचारावर उभी आहे, आणि ग्रामीण तलावांत ती योग्य आहे, कारण तिथला गाळ बहुतेक शेतातलीच माती असते. शहरातल्या गाळात मैला आणि जड धातू असू शकतात. तो तपासल्याशिवाय कोणाच्या शेतात टाकणे हा शेतकऱ्यावर अन्याय आहे. शिवाय उथळ चिखलाची कड सरसकट खरवडली, तर हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांनी चरायचे कुठे? गाळ काढायचाच तर टप्प्याटप्प्याने, कड राखून काढावा.

कात्रजला नानासाहेब पेशव्यांच्या काळात अठराव्या शतकाच्या मध्यात बांधलेली पाणीयोजना या शहराने जवळून पाहावी. वरच्या बांधाआड पाणी थांबायचे, गाळ तिथे बसायचा, आणि निवळलेले पाणी खालच्या तलावातून नळाने शनिवारवाड्याकडे आणि पेठांतल्या हौदांकडे निघायचे. गाळ पाण्याच्या वाटेवरच अडवायचा, हे शहाणपण पुण्याच्या मातीतले आहे. म्हणून गाळाची पुढची निविदा काढण्याआधी महापालिकेने तीन गोष्टी जाहीर कराव्यात: तलावात येणाऱ्या प्रत्येक नाल्यातून वर्षभरात किती फॉस्फरस येतो, गाळात काय आहे, आणि नाले कोणत्या तारखेपर्यंत बंद होतील. ही तारीख ठरेपर्यंत पोकलेन काठावर आणू नये.