होल्डर घेतला, पुढे काय?

दसऱ्याला किंवा पाडव्याला नवी गाडी दारात आली की तिचे सोपस्कार ठरलेले असतात. हळदकुंकू, बोनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, शेजारीपाजारी पेढे. दुसऱ्या दिवशी घरातली पुरुषमंडळी अॅक्सेसरीजच्या दुकानाकडे वळतात. सीटकव्हर, मॅट, परफ्यूमची बाटली आणि हल्ली न चुकता मोबाइल होल्डर. सीटकव्हरच्या रंगाबद्दल आपलं मत विचारलं जातं. होल्डर कुठला घ्यायचा आणि तो नेमका कुठे बसवायचा, हे मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. दुकानातला पोरगा म्हणतो, ‘इथे लावू का साहेब?’ साहेब म्हणतात, ‘लाव.’ दोन मिनिटांत काम फत्ते! मैत्रिणींनो, माझं म्हणणं असं की सीटकव्हरचा रंग खुशाल त्यांना ठरवू द्या. होल्डरच्या बाबतीत मात्र आपण तोंड उघडायलाच हवं.

का, ते सांगते. पुढच्या डाव्या सीटवर बहुतेक वेळा आपण बसलेल्या असतो. आपल्या समोरच्या डॅशबोर्डच्या आत एअरबॅग असते. २०२२ पासून बनणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये चालक आणि त्याच्या शेजारचा प्रवासी अशा दोघांसाठीही ती सक्तीची आहे. जोराची धडक बसली की सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यात, म्हणजे पापणी लवायच्या आत, ती पिशवी झाकण फोडून बाहेर येते आणि फुगते. आता त्या झाकणावर प्लास्टिकचा टणक होल्डर आणि त्यात पाव किलोच्या आसपासचा फोन चिकटवलेला असेल, तर तो कुणाच्या तोंडावर येणार? चालवणाऱ्याच्या नाही, आपल्या. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला ‘एअरबॅग’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात, ती एकदा बोटाने चाचपून बघा. त्या भागावर काहीही नको. होल्डर नको, टिश्यूचा डबा नको आणि (रागावू नका) पितळेचा गणपतीही नको. बाप्पा हवेतच, पण चित्राच्या रूपात असावेत. काही गाड्यांमध्ये काचेच्या बाजूच्या खांबातही पडद्यासारखी एअरबॅग असते, म्हणून त्या खांबालाही काही अडकवू नये. आणि मांडीवर मूल घेऊन पुढे बसायची सवय असेल, तर ती आजच सोडा. मुलाची जागा मागे, पट्ट्यात.

हे झालं शेजारी बसणारीचं. पण आता आपल्यातल्या कितीजणी स्वतः गाडी चालवतात! मुलांचे क्लास, सासूबाईंचा डॉक्टर, बँक, भाजी, सगळं तीच गाडी करते. आणि तिथे एक गंमत होते. गाडी एक, चालवणारे दोन. नवरा पाच फूट दहा इंच, सीट मागे सरकवून ऐसपैस बसणारा. होल्डर त्याच्या उंचीने आणि त्याच्या हाताच्या लांबीने लावलेला. आपण पाच फूट एक-दोन इंच. क्लचवर पाय नीट पोचावा म्हणून सीट पुढे घेतलेली, कधी खाली उशीसुद्धा. त्यांना जो फोन काचेच्या कडेला दिसतो, तोच आपल्याला बरोबर रस्त्याच्या मधे येतो. डावीकडून घुसणारा स्कूटरवाला, रस्ता ओलांडणारी शाळेतली मुलं, चौकातला हातगाडीवाला, एका फोनच्या आड यातलं काहीही लपू शकतं. किंवा मग होल्डर इतका लांब असतो की स्क्रीनला हात लावायला पुढे वाकावं लागतं. वाकलं की दुसरा हात स्टिअरिंगला ओढतो आणि गाडी सरकते. तेव्हा होल्डर लावताना घरातल्या सगळ्या चालवणाऱ्यांनी एकेकदा आपापल्या पद्धतीने सीट लावून बसून बघावं. सगळ्यांत बुटक्या माणसाला जर रस्ता पूर्ण दिसत असेल, तर ती जागा बरोबर. बहुतेक गाड्यांमध्ये ती जागा स्टिअरिंगच्या डाव्या हाताला, काचेच्या खालच्या कडेच्याही खाली निघते. मान न वळवता, फक्त नजर जराशी खाली नेली की नकाशा दिसावा, एवढंच आपल्याला हवं असतं.

दुकानात तऱ्हेतऱ्हेचे होल्डर टांगलेले असतात. दीडशे-दोनशे रुपयांपासून पुढे म्हणाल तितके. सिग्नलवर विकायला येतात ते तर बघूच नका. काचेला रबरी वाटीने चिकटणारे असतात, त्यांची अडचण म्हणजे आपलं ऊन आणि आपली धूळ. जळगाव-नागपूरकडच्या मे महिन्यात बंद गाडीत ती वाटी मऊ पडते आणि होल्डर खाली. तो उभ्या गाडीत पडला तर ठीक, नेमका वळणावर पडला तर माणूस पायाशी वाकून शोधायला लागतो आणि तोच फोन ब्रेकच्या पेडलखाली गेलेला असतो. शिवाय काचेजवळचा फोन उन्हात तापतो तो वेगळाच. आयफोनसाठी तर कंपनीच सांगते की ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. आपल्याकडे काचेपाशी त्याहून कितीतरी जास्त असतं, मग फोन मधेच मंद होतो किंवा बंद पडतो. खरखरीत डॅशबोर्डवर तर वाटी चिकटतच नाही, तिथे गोंदाची चकती लागते. ती एकदा लावली की काढताना डॅशबोर्डचं साल निघतं, म्हणून आधी जागा नक्की करून मगच चिकटवा.

एसीच्या जाळीला अडकवायचे होल्डर मला त्यातल्या त्यात बरे वाटतात. उंचीला खाली, हाताजवळ, काचेत काही येत नाही आणि थंड हवेमुळे फोनही तापत नाही. फक्त जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. जड फोन आणि रस्त्यावरचे खड्डे यांनी त्या तुटतात, तेव्हा आकड्याने किंवा स्क्रूने घट्ट बसणारा घ्या, नुसता चिमटा नको. गोल जाळी असेल तर तो बसेल का, ते दुकानातच लावून बघा. लोहचुंबकवाले दिसायला सुटसुटीत. फोनला मागून धातूची चकती लावावी लागते, त्यामुळे बिनवायरचं चार्जिंग होत नाही. आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल, तर चुंबक छातीजवळच्या खिशात किंवा हातात घोळवायला देऊ नका. कुठलाही घ्या, पण आपला स्वतःचा फोन, आपल्या कव्हरसकट, त्यात बसवून हाताने चांगला गदगदा हलवून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्याहून जास्त हलणार आहे तो.

चार्जिंगच्या वायरीकडे कुणी बघत नाही. लांबलचक वायर गियरभोवती गुंडाळली जाते. आखूड वायर घ्या आणि कडेने न्या.

इथपर्यंत सगळं दुकानातलं झालं. पण होल्डर नीट बसला म्हणजे प्रश्न मिटला असं अनेकांना वाटतं, आणि माझा खरा आक्षेप आहे तो यालाच. होल्डर हा फोन बघण्याचा परवाना नव्हे. पूर्वी फोन खिशात होता, वाजला तरी काढायचा कंटाळा यायचा. आता तो डोळ्यांसमोर उजळलेला असतो. नकाशावर वरून व्हॉट्सअॅपची पट्टी सरकते, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरचं भांडण चाललेलं असतं, आणि नजर जातेच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. नुसती दोन सेकंद नजर फोनवर राहिली तर ५५ मीटर झाले. क्रिकेटच्या अडीच पिचेसपेक्षा जास्त अंतर आपण डोळे मिटूनच गेलो म्हणायचं. गावातल्या रस्त्यावर ताशी चाळीसने गेलो तरी तेवढ्या वेळात २२ मीटर जातात. एखादं पोर चेंडूमागे रस्त्यावर यायला तेवढं पुरतं.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. ती सगळी काही फोनमुळे गेली नाहीत. वेग, दारू, हेल्मेट नसणं, रस्ते, कारणं खूप आहेत. पण बाकीच्या कारणांसाठी सरकारकडे बोट दाखवता येतं. फोन मात्र आपल्याच गाडीत, आपल्याच हातात असतो.

कायद्याचं म्हणाल तर तो स्पष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हातात फोन धरून गाडी चालवणं हे ‘धोकादायक वाहन चालवणं’ ठरलं आणि पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमाने फोनला एवढीच मुभा दिली, की तो फक्त रस्ता शोधण्यासाठी वापरावा आणि तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे नकाशापुरता फोन. गाणं बदलायला नाही, मेसेज वाचायला नाही. पत्ता गाडी सुरू करण्याआधी टाकायचा, आवाज चालू ठेवायचा आणि वाट चुकली तर चुकू द्यायची. पुढच्या चौकातून वळता येतं. येणारे फोन आणि मेसेज शांत ठेवायची ‘ड्रायव्हिंग’ची सोय हल्ली बहुतेक फोनमध्ये असते. नसेल सापडत तर घरातल्या आठवीतल्या मुलाला सांगा, दोन मिनिटांत लावून देईल.

‘पण आम्ही हातात कुठे धरतो? होल्डरमध्ये ठेवून, स्पीकरवर बोलतो,’ असं उत्तर हमखास येतं. ऐकायला बरं वाटतं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून अभ्यास केला, तो २००६ साली प्रसिद्ध झाला. फोनवर बोलणारे चालक ब्रेक लावायला उशीर करत होते. आणि फोन हातात धरला होता की हात मोकळे होते, याने काही फरक पडला नाही! हात मोकळे असले तरी मन गुंतलेलंच असतं. शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाला समोर ट्रक दिसतो, तो आपोआप गप्प होतो. घरून बोलणाऱ्याला ट्रक दिसत नाही.

आणि घरून बोलणारं कोण असतं? इथे मला आपल्याच घोळक्यात डोकवायचंय. जानेवारीत रस्तासुरक्षेच्या निमित्ताने आमच्या मंडळात बोलणं चाललं होतं. मी विचारलं, ‘घरचं माणूस गाडी घेऊन बाहेरगावी गेलं की आपण वाटेत किती फोन करतो?’ आधी सगळ्या हसल्या. मग उत्तरं आली. ‘अहो, कुठवर पोहोचलात?’ हा एक. ‘जेवलात का?’ हा दुसरा. ‘येताना दूध आणा’ हा तिसरा. एकीने तर सांगितलं की फोन उचलला नाही तर ती उचलेपर्यंत करत राहते. तिचे मालक कंपनीची गाडी चालवतात, रात्री-अपरात्री घाटातून यावं लागतं. ‘ताई, आवाज ऐकल्याशिवाय जीव थाऱ्यावर राहत नाही हो,’ ती म्हणाली. तिच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. पण कसारा घाटाच्या वळणावर त्या माणसाच्या होल्डरमध्ये तिचं नाव उजळतं, पुन्हा उजळतं, तिसऱ्यांदा उजळतं, तेव्हा तो घाबरून उचलणारच. घरी काही झालं की काय, असंच त्याच्या मनात येणार. तिची काळजीच मग त्याच्या जिवावर येते.

त्या दिवशी आम्ही मिळून काही ठरवलं. निघतानाच विचारून घ्यायचं, कुठे कुठे थांबणार. फोन त्यानेच करायचा, चहाला थांबल्यावर. खूपच काळजी वाटली तर निघताना लोकेशन पाठवायला सांगायचं, म्हणजे घरबसल्या गाडी कुठे आहे ते दिसतं, कुणाला वाजवावं लागत नाही. फोन केलाच आणि गाडीचा आवाज ऐकू आला, तर ‘गाडी बाजूला घेऊन मग बोल’ म्हणून लगेच ठेवायचा. शेजारी कुणी बसलेलं असेल तर फोन त्याच्या ताब्यात. आणि भाड्याच्या टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हर गप्पा मारत गाडी हाकत असेल तर संकोच न करता सांगायचं, ‘दादा, आधी बोलून घ्या, आम्हाला घाई नाही.’ एका मैत्रिणीला हे सांगणं उद्धटपणाचं वाटलं. मला नाही वाटत. भाडं आपण देतो आणि जीवही आपलाच असतो.

दुधाचं मात्र एकमत होईना. शेवटी ठरलं, की दूध आपणच कोपऱ्यावरून आणायचं, आणि तो पोहोचला की त्याने एक मिस्ड कॉल द्यायचा.